सव्वीस वेळा पॅक

“मग फोन करताय की नाही, तेवढंच सांगा मास्तर.”

 मास्तरांनी समोरच्या पैजेच्या चिप्सच्या चळतीवरून एक बोट फिरवलं.

“तीन आठवडे झाले मी विचारतोय.”

“सतरा दिवस.”

“सतरा तर सतरा. पण मडगावची ती खुर्ची माझ्यासाठी अडून बसणार नाही. नाईक म्हणाले, मास्तरांनी हो म्हटलं तर उद्या ये. नाहीतर सोमवारी दुसऱ्याला बसवतो.”

“मग बसू दे की दुसरा.”

“मास्तर...”

असं त्यांचं चाललं होतं आणि मी बाजूला बसून सुपारी कातरत होतो. दुपारचे दोन वाजले होते. बाकीची मंडळी यायची होती.

विचारणारा अभिनंदन मगदूम. वय एकोणतीस. अकरावी-बारावीच्या क्लासात गणित शिकवायचा. शिकवायचा असं म्हणतो, कारण मागच्या शुक्रवारी त्यानं राजीनामा दिला. फोन व्हायच्या आधीच. मुलगा हुशार, पण आपण हुशार आहोत हे त्याला फार लवकर कळलं होतं.

मास्तर म्हणजे धुळाप्पा कोष्टी. गोव्यात कसिनोच्या बोटीवर अठरा वर्षं पत्ते वाटले. बायको गेल्यावर निपाणीला परत आले, ते एकटेच राहतात. बोटीवरची मोठमोठी माणसं त्यांना अजून नावानं ओळखतात. मडगावचे नाईक त्यांतलेच. नाईक चांगला खेळाडू हेरतात, त्याच्यामागे स्वतःचा पैसा उभा करतात आणि जिंकलेल्यातला वाटा घेतात. इकडच्या भागातला खेळाडू असेल तर मास्तरांच्या शब्दाशिवाय ते त्याला दारात उभं करत नाहीत.

तेव्हा अभिनंदनचं सगळं त्या एका फोनवर अडलं होतं. नोकरी सोडून बसला होता. मास्तर नाही म्हणाले असते तर त्याला पुन्हा क्लासाच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं.

आणि मी तिसरा. माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. दुपारी एक ते चार आमची पेठ झोपते, तेवढा वेळ मी वखारीत घालवतो.

वखार म्हणजे तंबाखूचीच वखार, आता बंद पडलेली. तिच्या पुढच्या खोलीत आमचा पत्त्यांचा अड्डा. दारावर करमणूक संघाची पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. आत हिरवं कापड घातलेलं एक लांब टेबल, आठ खुर्च्या आणि भिंतीत मुरलेला तंबाखूचा वास. पूर्वी इथं रमी आणि तीन पत्ती चालायची. पोकर मास्तरांनी आणला.

खेळ सांगायला सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मग मधे पाच पत्ते उघडे पडतात. दर टप्प्यावर पैज वाढवायची, नाहीतर पत्ते टाकून बाहेर पडायचं. बाहेर पडण्याला आम्ही तीन पत्तीतला ‘पॅक’ हाच शब्द ठेवला आहे. आमचा खेळ नो-लिमिट, त्याचा अर्थ एवढाच, की मनात येईल त्या क्षणी आपल्यासमोरचं सगळंच्या सगळं आत ढकलता येतं. मग समोरच्यानं ठरवायचं. त्याला पाहायचं असेल तर तेवढंच भरायचं, नाहीतर पॅक. पॅक झालं की समोरच्याकडे काय होतं ते जन्मात कळत नाही. मास्तरांच्या टेबलावर तर पॅक झालेल्याला पत्ते दाखवायचे नाहीत असा कडक नियम होता.

अभिनंदन पहिल्यांदा आला तेव्हा मास्तरांनी त्याला आठ महिने खेळू दिलं नव्हतं. पाठीमागे स्टूल टाकून बसायला लावलं.

“पत्ते सगळ्यांस्नी दोनच मिळत्यात,” ते म्हणाले होते. “त्यात बघण्यासारखं काय हाय? माणूस बघ.”

यानं बघितला. आठ महिने असा बघितला की विचारू नका. मी थाप मारताना माझा उजवा गुडघा हलतो, हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, ते यानं सांगितलं. सांगितलं तेही माझ्याकडून वर्षभर चिप्स ओढून झाल्यावर.

“बरं,” मास्तर म्हणाले. “तयार झालोय म्हणतोस. कशावरनं?”

अभिनंदन हसला. तो या प्रश्नाचीच वाट पाहत होता.

“तुमची खूण पकडलीय मी.”

मी सुपारी कातरायचा थांबलो. पोकरमध्ये खूण पकडणं म्हणजे समोरच्याचं अंग त्याच्या नकळत काय बोलतं ते ओळखणं. आणि मास्तरांची खूण? अठरा वर्षं कसिनोत काढलेल्या माणसाची?

“माझी?” मास्तर म्हणाले.

“तुमची.”

“सांग की.”

“सांगत नाही. दाखवतो. बसा माझ्यासमोर. सारख्या चिप्स घेऊ. मी तुमच्या संपवल्या तर फोन करायचा.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“शेट, वाटा पत्ते.”

दिवाळीपासून वाटायचं काम माझ्याकडे आलं आहे. डोळे दमतात, असं मास्तर म्हणाले होते. बरं, म्हणालो आम्ही. त्यांच्याइतकं सुरेख पत्ते वाटणारा माणूस मी पाहिलेला नाही आणि तो माणूस एका दिवाळीला आपणहून कॅट माझ्या हातात देतो, तर मी काय म्हणालो? बरं.

मी पिसले. दोन-दोन वाटले.

अभिनंदननं पत्त्यांचे कोपरे अंगठ्यानं वर केले, पाहिले आणि सोडून दिले. चेहऱ्यावर काही नाही. शिकवण पक्की होती.

मास्तरांनी आपल्या दोन पत्त्यांवर उजवा तळवा ठेवला. कोपरा उचलला नाही. मला वाटलं, उचलला असेल, माझंच लक्ष नसेल.

मग त्यांनी डाव्या हातानं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. सगळ्या. पहिल्याच डावाला. हात थरथरत होता, चळत मधेच ढासळली, दोन चिप्स कापडावरून घरंगळत माझ्यापर्यंत आल्या.

अभिनंदन मास्तरांच्या तोंडाकडे पाहत नव्हता. त्याची नजर त्या हातावर होती. हात मागे गेला, टेबलाखाली गेला, तोवर त्यानं तो सोडला नाही.

मग त्यानं एक गोष्ट केली जी आमच्या टेबलावर कुणी करत नाही. पॅक होताना आपले पत्ते उताणे टाकले.

बदामचा राजा आणि इस्पिकचा राजा.

“पॅक,” तो म्हणाला.

मी चाट पडलो. दोन राजे हातात असताना त्यांच्या वर फक्त एक्क्यांची जोडी असते. ती येणार किती वेळा? मला दोन राजे आले असते तर मी दुकानाची किल्लीसुद्धा टेबलावर टाकली असती.

“राजे टाकलास?” मास्तर म्हणाले.

“टाकले.”

“का?”

“कारण तुमच्याकडं एक्के आहेत.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या डाव्या हातानं.”



हे कुठून आलं ते सांगायला हवं. हा धडा मास्तरांचाच. थाप मारणारा माणूस घाबरून गप्प होतो, अंग हलू देत नाही. ज्याच्याकडे खरं पान येतं त्याचं रक्त उसळतं आणि हात थरथरतो. थरथरता हात दिसला की पॅक व्हायचं, मागे वळून बघायचं नाही. हे त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की आमचं पाठ झालं होतं.

“कवापास्नं बघायलायस?” मास्तरांनी विचारलं.

“दिवाळीच्या पाडव्यापासून. तो डाव आठवतो? तुम्ही सगळं आत ढकललंत आणि हात थरथरला. पहिल्यांदाच. माझ्याकडं एक्का-राजा होता. मी पॅक झालो. तेव्हापासून लक्ष ठेवलंय.”

“किती बार झालं?”

“सव्वीस.”

“सव्वीस...”

“सव्वीस वेळा हात थरथरला, सव्वीस वेळा मी पॅक. बाकीचे काय बघतात देव जाणे. मी एकदाही फसलो नाही.”

“फसला न्हाईस हे कशावरनं?”

“तीन वेळा दुसऱ्या कुणीतरी पैसे भरून तुमचे पत्ते उघडायला लावले. तिन्ही वेळा तुमच्याकडं पान होतं.”

“आणि बाकीचे तेवीस?”

“ते कुणी बघितलेच नाहीत. सगळे पॅक झाले.” तो थोडा पुढे झुकला. “पण तीनपैकी तीन, मास्तर!”

गणित शिकवणारा माणूस हा. तीन उदाहरणं जुळली म्हणून सिद्ध झालं, असं बारावीच्या एखाद्या मुलीनं लिहिलं असतं तर यानं पानभर लाल शाई सांडली असती. पण इथं शाबासकी हवी होती ना. शाबासकी हवी असली की माणसाला तीन पुरतात.

“अजून काय बघितलंस?” मास्तरांचा आवाज खाली आला होता.

“अजून म्हणजे?”

“दिवाळीपास्नं. माझ्यात. सगळं सांग.”

अभिनंदन खुर्चीत सावरून बसला. तोंडी परीक्षेत येणारा प्रश्न आल्यासारखा त्याचा चेहरा खुलला.

“तुम्ही पत्ते वाटायचं सोडलंत.”

“हां.”

“डोळ्यांचं सांगितलंत, पण ते खरं नाही. पेपर तुम्ही चष्म्याशिवाय वाचता. वाटताना सगळ्यांची नजर तुमच्या हातावर असते, म्हणून सोडलंत.”

“पुढं.”

“चहा अर्धा कप घेता. पूर्वी पूर्ण घ्यायचात, वर बशीत सांडलेलाही प्यायचात. आता अर्धाच, आणि तोही दोन्ही हातांनी धरून. भरला कप उचलला की हात दिसतो, म्हणून.”

“पुढं.”

“पैज लावून झाली की डावा हात टेबलाखाली नेता आणि उजव्यानं दाबून धरता. आत्ताही धरलाय.”

मी टेबलाखाली पाहिलं. धरला होता.

“म्हणजे तुम्हालाही कळलंय की तुमची खूण बाहेर पडते,” अभिनंदन म्हणाला. “ती लपवायला तुम्ही चार महिने धडपडताय. आणि मी चार महिने ती बघतोय. हे नाईकांच्या टेबलावर कुणाला जमतं, सांगा.”

“झालं?”

“अजून एक आहे. तुम्ही बटणाचे शर्ट घालायचं बंद केलंत. टी-शर्ट घालता.”

“मंग? त्याचा अर्थ काय लावलास?”

“तो नाही लागला.” त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. “त्याचा खेळाशी काही संबंध दिसेना. म्हणून सोडून दिला.”



 ते टी-शर्ट माझ्या दुकानातून गेले होते. चार. कार्तिकात मास्तर स्वतः आले आणि म्हणाले, डोक्यातनं घालायचं काय तरी दाखवा. मी दाखवले. पाच टक्के सूट दिली. वर थट्टा केली, “काय मास्तर, उतारवयात तरणं व्हायचं ठरवलंय जणू!” ते हसले होते. मीही हसलो होतो, चांगला मोठ्यानं.

“शेट,” मास्तर म्हणाले. “माझे पत्ते उघडा.”

मी हात पुढे करून त्यांचे पत्ते उताणे केले.

चौकटची नव्वी. किलवरची तिर्री.

याहून भिकार पत्ते मिळायचे म्हटले तरी शोधावे लागतील.

अभिनंदन त्या दोन पत्त्यांकडे पाहतच राहिला. त्यानं एक पत्ता बोटानं सरकवला, खाली आणखी काही असेल तर, म्हणून.

“हे... कसं?”

“मी बघितलेच न्हाईत.”

“काय?”

“पत्ते. न बघताच ढकलल्या. तू पत्ते बघतच नव्हतास, तुला काय कळणार?”

“पण हात? हात तर थरथरला की. मी बघितला.”

मास्तरांनी टेबलाखालून दोन्ही हात वर आणले. उजवा बाजूला ठेवला. डावा हिरव्या कापडावर मोकळा सोडला, त्याच्या अगदी समोर.

पैज नव्हती. मधे जिंकायला चिप्सचा पॉट नव्हता. पत्ते तर उताणे पडले होते. तरीही हात थरथरत होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखं चाललं होतं, थांबत नव्हतं. मनगटाजवळ एक चिप पडली होती, ती त्या हादऱ्यानं हलत होती.

आम्ही तिघंही त्या हाताकडे पाहत होतो.

“आता सांग,” मास्तर म्हणाले. “आता कुठलं पान आलंय मला?”



बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होता.

“कोल्हापूरला दाखवलंय,” मास्तर म्हणाले. “गोळ्या चालू हायत. कमी व्हायचं न्हाई म्हणत्यात, वाढतच जाणार.”

“कधी दाखवलं?” मी विचारलं. 

“मार्गशीर्षात. एसटीनं गेलतो. तिकिटाचं सुट्टं पैसं हातातनं पडलं, तर मागचा माणूस म्हणतोय, आजोबा, सकाळी सकाळीच घेतली का?”

ते हसले. आम्हाला हसता आलं नाही.

“आणि बटणं लागत न्हाईत,” ते अभिनंदनला म्हणाले. “तेवढं तुझं राहिलं होतं.”

मला सांगायला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. तो हात मीही पाहिला होता. एकदा नाही, कितीदा तरी. मास्तर सोडून टेबलावरच्या सातही जणांनी पाहिला असणार. हात थरथरला की आम्ही मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला पान लागलं. आणि पटापट पॅक. पॉट त्यांच्याकडे सरकायचा, आम्ही म्हणायचो, काय नशीब आहे मास्तरांचं! हा बाजारातला हात असता, देवळातला असता, लग्नाच्या पंगतीतला असता, तर मी चटकन विचारलं असतं, अहो, बरं आहे ना? पत्त्यांच्या टेबलावर होता म्हणून विचारलं नाही.

“तुम्ही सांगायचं तरी,” अभिनंदन पुटपुटला.

“पाडव्याला सांगणारच होतो. तू पॅक झालास आणि माझ्याकडं बघून हसलास. मला वाटलं, ह्याला कळलं. आता खेळ संपला की विचारंल.”

“मंग म्हटलं, पुढच्या बारीला विचारंल,” मास्तर म्हणाले.

अभिनंदननं मान खाली घातली.

“मुद्दाम करायला लागलो लेका. पान असो-नसो, सगळं आत. ढकलताना हात न लपवता, तुझ्या म्होरं. ह्यो म्हातारा येडा झालाय का, असं तरी म्हणंल कोण तरी. पर तुमी आपलं पॅक. पॅक. पॅक.”

“पण तुम्हीच शिकवलं होतं...” तो थांबला.

“व्हय,” मास्तर म्हणाले. “शिकवलं मीच. ते कुठं नाकारतोय मी?”

मला वाटलं, आता हा उठेल. टेबलाला वळसा घालून जाईल आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेईल. त्यानं तसं करावं, असं मला इतकं वाटत होतं की मी खुर्ची थोडी मागे सरकवून त्याला वाट करून दिली. मी स्वतः का नाही घेतला, असं कुणी विचारेल. विचारावंच. 

मास्तरही त्याच्याकडे पाहत होते. पापणी न हलवता. पाच वर्षं त्यांनी या पोराला शिकवलं होतं, सणासुदीला घरी जेवायला घातलं होतं. याच्याशिवाय त्यांना कोण होतं?

अभिनंदनचे ओठ हलले. डोळे कापडावरच्या राजांवरून त्या नव्वी-तिर्रीवर गेले, मग परत राजांवर. ती नजर मी ओळखतो. डाव संपल्यावर तो मनातल्या मनात मागचं सगळं पुन्हा मांडतो, तेव्हा त्याची नजर अशी होते.

“मास्तर...”

“बोल.”

“म्हणजे...”

“बोल की लेका. कसला संकोच करतोस?”

मास्तरांच्या आवाजात इतकी माया मी कधी ऐकली नव्हती. ते पुढे झुकले होते. डावा हात तसाच टेबलावर होता, त्याच्यापासून वीतभर अंतरावर.

“म्हणजे पाडव्याच्या त्या डावात...” अभिनंदन म्हणाला. “माझ्याकडं एक्का-राजा होता... तेव्हाही तुमच्याकडं काहीच नव्हतं?”

मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मास्तर खुर्चीला पाठ टेकून बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. कसिनोत पत्ते वाटणाऱ्यांचा असतो तसा कोरा चेहरा होता. समोरचा जिंकला काय, हरला काय, पुढचे पत्ते वाटायचे. निपाणीला आल्यापासून तो चेहरा त्यांनी आम्हाला कधी दाखवला नव्हता.

“सोमवारी म्हणालास न्हवं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“खुर्ची.”

“हो. सोमवार.”

मास्तरांनी खिशातून मोबाइल काढला. त्याच्यावर बोट ठरेना. दोनदा प्रयत्न केला, मग तो माझ्यापुढे सरकवला.

“शेट, नाईक म्हणून नाव हाय त्यात. लावा. सगळ्यांस्नी ऐकू येईल असा लावा.”

“मास्तर, राहू द्या,” मी म्हणालो. “आज नको.”

“लावा म्हणतो न्हवं?”

मी लावला. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, त्या चार उताण्या पत्त्यांच्या शेजारी. घंटा वाजत राहिली. अभिनंदन ताठ बसला. त्यानं शर्टाची कॉलर नीट केली. नाईकांना दिसणार होतं की काय कोण जाणे!

“बोला मास्तर!” पलीकडून आवाज आला. “किती दिवसांनी. तब्येत काय म्हणते?”

मास्तर क्षणभर फोनकडे पाहत राहिले.

“बरी हाय,” ते म्हणाले. “तुमाला एक पोरगं हवं होतं न्हवं? मगदूम.”

“हो, हो. कसं आहे?”

“डोकं चांगलं हाय. नजर लई तेज. बारीकसारीक काय सुटत न्हाई त्याच्या नजरेतनं.”

अभिनंदनच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता. मला त्याच्याकडे बघवेना आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना.

“ते झालं हो,” नाईक म्हणाले. “डोकी पुष्कळ बघितली मी. माझी अडचण वेगळीच आहे. इथं माणसं मोठं हरतात. हरली की समोर बसून रडतात, पाया पडतात. परवा एक जण छातीला हात लावून तिथंच कलंडला. अशा वेळी माझे चांगले चांगले खेळाडू ढिले पडतात. हातातला डाव सोडून पाणी आणायला धावतात. तसलं नको मला. याचं काय? तुम्ही सांगाल तसं.”

पंखा फिरत होता. मास्तरांचा डावा हात कापडावर होता, तो आता त्यांनी लपवला नव्हता.

“आजच बघितलंय मी, साहेब,” मास्तर म्हणाले. “द्या त्याला खुर्ची. ह्याला कशानं काय होत न्हाई.”